जुन्या वेब्ली मार्क ४ ला फॅक्टरीचं काडतूस कोणतं घ्यावं?

पिट्सबर्गकर
वेब्ली मार्क ४ रिव्हॉल्व्हर आहे. सहा घरांचं (घर म्हणजे सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक), पाच इंची नळी, मधोमध मोडून उघडणारं. फ्रेमवर 'वॉर फिनिश' असा ठसा, नळीच्या बाजूला '.३८ १४५/२००'. घरी काडतुसं भरण्याचा (रीलोडिंगचा) विचार नाही. फॅक्टरीचाच माल वापरायचा आहे, महिन्यातून एखाद्या वेळी रेंजवर, कागदाच्या निशाणावर.

दुकानात तीन पर्याय दिसले: (१) .३८ स्पेशल, १४८ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची निशाणबाजीची गोळी, हलका भार (कमी दारू), (२).३८ स्मिथ अँड वेसन, १४६ ग्रेन शिशाची गोल नाकाची गोळी, किंमत जवळपास दुप्पट. (३) युद्धकाळातली सरप्लस पेटी, वर '.३८०' आणि 'मार्क २ झेड'. दुकानदाराचं मत पडलं की सैन्याचं हत्यार आहे, मजबूत आहे, हलकं .३८ स्पेशल सहज पचवेल. मला ते पटलेलं नाही, पण का पटलेलं नाही हे आकड्यांत सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटका
क्र. २. बाकी दोन्ही ठेवून द्या.

गोगलगाय
खटकाराव, तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंतच संपला. कारण पण द्या की.

तांबटआळी
कारण मी देतो.

'.३८' हा आकडा म्हणजे घराण्याचं आडनाव आहे, माणसाची ओळख नाही. .३८ स्मिथ अँड वेसन आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत आणि दोन्ही दिशांनी वेगळी आहेत:

.३८ स्मिथ अँड वेसन: पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) लांबी ०.७७५ इंच, बुडाशी व्यास साधारण ०.३८६, गोळी ०.३६१.
.३८ स्पेशल: पुंगळी १.१५५ इंच लांब, व्यास ०.३७९, गोळी ०.३५७ ते ०.३५८.

म्हणजे स्पेशल लांब आहे, पण बारीक आहे. मूळ स्थितीतल्या वेब्लीच्या घरात ते पूर्ण बसतच नाही; पुंगळीचं तोंड घराच्या पायरीला अडतं आणि मागचा भाग बाहेर राहतो. तेव्हा तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल 'सहज' जात असेल, तर ती चांगली बातमी नाही. कोणीतरी घरं रीमरने (भोक कोरायच्या हत्याराने) पुढे कोरून लांब केली आहेत.

दाबाचं म्हणाल तर सॅमी (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) हिच्या मानकात .३८ स्मिथ अँड वेसनची कमाल मर्यादा १४,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३८ स्पेशलची १७,०००. आणि कोरलेल्या घरात .३८ स्पेशल बसलं की पुढे कधीतरी कोणीतरी .३५७ मॅग्नमही सरकवून बघतो. त्याची मर्यादा ३५,००० आहे.

निशाण७
+१. पण एक शंका. १४८ ग्रेन वॉडकटर हे .३८ स्पेशलमधलं सगळ्यात मवाळ काडतूस. त्याचा प्रत्यक्ष दाब मर्यादेच्या बराच खाली असतो. घरं आधीच कोरलेली असतील तर दाबाचा मुद्दा उरतो कुठे? युद्धानंतर अशी हजारो हत्यारं कोरून विकली गेली, आणि ती सगळी काही फुटलेली नाहीत.

तांबटआळी
निशाण७, दाब हा अर्धाच मुद्दा आहे. उरलेला अर्धा पुंगळीचा.

घराचा मागचा भाग ०.३८६ च्या जाड पुंगळीसाठी कापलेला आहे. रीमर पुढचा भाग लांब करतो, मागचा अरुंद करू शकत नाही. त्यात ०.३७९ ची पुंगळी ठेवली की भोवती सात-आठ सहस्रांश इंच मोकळी जागा राहते. उडवल्यावर पितळ त्या जागेत फुगतं, बुडाजवळ पोट सुटतं, आणि बऱ्याचदा उभी चीर जाते. चीर गेली की गरम वायू मागे आणि बाजूला येतो. वेब्लीची बिजागरी आणि मिटल्यावर फ्रेम धरून ठेवणारी वरची कडी यांना असल्या धक्क्यांची सवय लावण्यात काय हशील?

शिवाय ०.३५८ ची गोळी त्याहून रुंद नळीतून जाते. चऱ्यांना (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) नीट भिडत नाही, कडेने वायू निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि नेमही भरकटतो. वॉडकटर बुडाशी पोकळ असेल तर थोडं फुगून भिडतं, हे मान्य. पण पुंगळीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हजारो फुटली नाहीत हे खरं. त्यांच्या फुगलेल्या पुंगळ्या मात्र कचऱ्यात गेल्या, म्हणून कोणाला दिसल्या नाहीत.

व्हिक्टरीवाला
कोरलेल्या हत्यारांत सर्वाधिक संख्या बहुधा स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी मॉडेलची असावी, म्हणून त्याचीही भर घालतो. क्रमांकाआधी 'व्ही' अक्षर असतं. ब्रिटिश राष्ट्रकुलासाठी गेलेली पाच इंची नळीची, .३८/२०० (.३८ स्मिथ अँड वेसनच्या पुंगळीत २०० ग्रेनची गोळी) साठीची; अमेरिकी दलांसाठीची चार इंची,.३८ स्पेशलची. युद्धानंतर ब्रिटिश माल परत अमेरिकेत आला, नळ्या कापून दोन-तीन इंचांच्या केल्या, घरं कोरली आणि '.३८ स्पेशल' म्हणून विकला. त्यामुळे कापलेल्या नळीची व्हिक्टरी दिसली की पहिला संशय घरांवर घ्यायचा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. .३८ स्पेशलची रिकामी, उडवलेल्या टोपीची (टोपी म्हणजे बुडातला प्राइमर) पुंगळी घ्या आणि सहाही घरांत एकेक करून घालून बघा. अर्ध्यावर अडली तर घर मूळचं. तळापर्यंत गेली तर कोरलेलं. जिवंत काडतुसाने ही परीक्षा करू नये. सहाही घरं बघा, एकावर थांबू नका.

दिलासा इतकाच की कोरलेल्या घराचा मागचा भाग शाबूत असल्याने त्यात .३८ स्मिथ अँड वेसन चालतं. गोळीला घशापर्यंत (घराच्या पुढच्या अरुंद भागापर्यंत) थोडी जास्त उडी मारावी लागते, नेम किंचित ढिला होतो. पण पुंगळी नीट भिडते.

लंडनचा पाहुणा
इकडे हँडगनबंदी, त्यामुळे आम्ही १९९७ पासून असे धागे फक्त वाचतो. चालू द्या.

गोगलगाय
पेटीवरच्या नावांचा घोळ कोणी सोडवेल का? '.३८०' म्हणजे तेच ना जे छोट्या पिस्तुलांत जातं?

खटका
नाही! .३८० ऑटो म्हणजे ९ मिमी शॉर्ट, पिस्तुलाचं. ब्रिटिश लष्कराचं '.३८० रिव्हॉल्व्हर' म्हणजे .३८ स्मिथ अँड वेसनच्याच पुंगळीत जड गोळी. एकाच्या जागी दुसरं नाही.

तांबटआळी
खटका यांनी सांगितलं ते बरोबर, थोडा विस्तार करतो.

ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर .४५५ (त्यांचं आधीचं मोठ्या बोअरचं काडतूस) सोडून हलकं हत्यार शोधलं, आणि .३८ स्मिथ अँड वेसनच्या पुंगळीत २०० ग्रेनची शिशाची गोळी बसवली. तेच .३८/२००, लष्करी भाषेत मार्क १. पुढे नुसत्या शिशाच्या गोळीवर आक्षेप येईल म्हणून १७८ ग्रेनची पूर्ण आवरणाची गोळी आली, ती मार्क २. मागे 'झेड' असेल तर आत कॉर्डाइटऐवजी (जुन्या ब्रिटिश दारूऐवजी) नायट्रोसेल्युलोज पावडर.

आता पेट्या. '.३८ कोल्ट न्यू पोलीस' लिहिलेलं असेल तर ते .३८ स्मिथ अँड वेसनच आहे, फक्त गोळीचं नाक चपटं. कोल्टला स्पर्धकाचं नाव आपल्या हत्यारावर नको होतं. वेब्लीत चालतं. '.३८ शॉर्ट कोल्ट' मात्र टाळा. त्याची लांबी जवळपास तेवढीच असल्याने घरात अलगद बसतं, पण व्यास .३८ स्पेशलचा. बसतं म्हणून फसतं, आणि पुंगळी फाटते.

पिट्सबर्गकर, तुमच्या नळीवरचा '१४५/२००' हा ठसा म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे: १४५ ग्रेनचं व्यापारी आणि २०० ग्रेनचं लष्करी, दोन्ही चालतात.

काही हत्यारांवर व्यापारी प्रूफचा (विक्रीआधीच्या दाबचाचणीचा) '.३८ .७६७ ३½ टन' असाही ठसा सापडतो. त्यातला .७६७ हा पुंगळीच्या लांबीचा आकडा. ३½ टन म्हणजे दर चौरस इंचाला ७,८४० पौंड असा हिशोब करून घाबरू नका. ब्रिटिश मोजणीची पद्धत वेगळी होती आणि तो आकडा सॅमीच्या पीएसआयशेजारी ठेवता येत नाही.

आबा_खडकी
सरप्लस पेटीबद्दल. ती उडवू नये.

त्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. उडाल्यावर त्याचं मीठ नळीत राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि एका रात्रीत गंज धरतो. नुसत्या तेलाने ते मीठ जात नाही. पाण्यात विरघळतं, म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं करणं, मग तेल. नळी, सिलिंडरची घरं, सिलिंडरचा पुढचा चेहरा, घोड्याची सुई, सगळीकडे.

त्याहून मोठी अडचण वयाची. आठ दशकं कुठल्या गोदामात, कुठल्या उन्हात गेली हे पेटी सांगत नाही. टोपी मरते किंवा अर्धमेली होते. अर्धमेल्या टोपीचे दोन परिणाम. एक, उशिरा पेट: चाप ओढल्यावर नुसता खट् आवाज, आणि क्षणभराने बार. म्हणून खट् झालं तर नळी निशाणाकडेच रोखून निदान मिनिटभर थांबायचं, लगेच उघडायचं नाही. दोन, अपुरा जाळ: गोळी नळीत अडकून बसते. पुढची उडाली की नळीला फुगवटा येतो आणि हत्यार संपतं.

पेटी सीलबंद असेल तर संग्राहक घेतो. रेंजवर नेण्यात तोटा दुप्पट.

निशाण७
आबा, पटलं. पण नेमाचं काय? या हत्याराची साइट २०० किंवा १७८ ग्रेनच्या लष्करी गोळीसाठी लावलेली. १४६ ग्रेन वापरून निशाण चुकणार नाही का?

व्हिक्टरीवाला
चुकेल, खाली. हलकी गोळी नळीतून लवकर बाहेर पडते, तोवर धक्क्याने नळी कमी उचललेली असते. म्हणून छिद्र खाली. २५ यार्डांवर काही इंचांचा फरक धरा. १० यार्डांवर जेमतेम कळेल. साइटच्या पुढच्या दाण्याला हात लावू नका. मूळ दाणा घासला की परत येत नाही. एनफील्ड नं. २ (याच काडतुसाचं दुसरं ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर) च्या दाण्याचं पातं स्क्रूने बसवलेलं असतं, त्याला बुटकं पातं मिळालं तर मूळचं जपून ठेवून बदलता येतं.

कोथरूडकर
जरा अवांतर. इकडे महाराष्ट्रात परवान्यावर '.३२ रिव्हॉल्व्हर' असलेल्या जुन्या हत्यारांना हेच तर्कशास्त्र लागू का?

आबा_खडकी
अवांतर नाही, सख्खं भावंड आहे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर याच वेब्ली मार्क ४ च्या आराखड्यावरून आलेलं आहे.

त्याचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पुंगळी ०.९२० इंच, गोळी ०.३१२, सॅमी मर्यादा १५,००० पीएसआय. खडकीच्या मालावर बुडाशी 'केएफ' ठसा असतो. (२०२१ साली ऑर्डनन्स बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, खडकीचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला आणि कानपूरचा कारखाना वेगळ्या कंपनीत. म्हणजे हत्यार एका कंपनीचं, काडतूस दुसऱ्या.)

इकडचा नेहमीचा घोटाळा असा: .३२ पिस्तुलाचं काडतूस, म्हणजे ७.६५ मिमी किंवा .३२ ऑटो, हे .३२ लाँगच्या घरात पुष्कळदा बसतं. त्याला बुडाशी अर्धवट कड असते, ती अडकते, आणि टोपी पेटून बारही होतो. त्याचा दाब मात्र २०,५०० पर्यंत जातो. जुन्या मोडत्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते अजिबात नको. दुकानात 'बत्तीसची द्या' एवढंच म्हणू नका. 'रिव्हॉल्व्हरची, लाँग' म्हणा आणि पेटी उघडून बघा. सरळ लांब पुंगळी, पूर्ण कड, शिशाची गोळी.

खूप जुनी, छोट्या सिलिंडरची बेल्जियन किंवा इंग्लिश '.३२०' असतील, तर त्यांचं काडतूस वेगळं. .३२ लाँग त्यांत बसत नाही. घर कोरून बसवून देतो म्हणणारा कारागीर भेटलाच, तर नमस्कार करून निघावं. आणि परवान्यावरचा बोअर, हत्यारावरचा ठसा आणि पेटीवरचं नाव हे तिन्ही जुळल्याशिवाय खरेदीची नोंद करू नये.

गोगलगाय
'नमस्कार करून निघावं' 😀

ओहायोचा_ओक
माझा प्रश्न .४५५ वेब्ली मार्क ६ चा. सिलिंडरची मागची बाजू घासलेली आहे, अर्धचंद्र क्लिप (बिनकडेची काडतुसं धरणारी पत्र्याची पट्टी) लावून .४५ एसीपी (पिस्तुलाचं काडतूस) बसतं. फॅक्टरीचं .४५ एसीपी स्वस्त आहे. चालेल?

तांबटआळी
नाही. हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा नकार समजा.

मार्क ६ ची १९१५ ची रचना .४५५ मार्क २ काडतुसासाठी: २६५ ग्रेन शिसं, वेग ६०० फूट/सेकंदाच्या आसपास, दाब साधारण १३,००० पीएसआय. फॅक्टरीचं .४५ एसीपी २१,००० पर्यंत चालतं. हत्यार तपासताना एकदाच उडवलेल्या प्रूफ काडतुसाच्या तोडीचा किंवा वरचा दाब तुम्ही प्रत्येक बाराला द्याल. लगेच काही होत नाही, म्हणून लोक चालवत राहतात. आधी कडी सैल होते, मग बिजागरी, आणि एखाद्या दिवशी सिलिंडरच्या घराची भिंत जाते. भिंत सगळ्यात पातळ कुठे, तर सिलिंडर अडवणाऱ्या खाचेखाली.

आता घासलेल्या सिलिंडरमध्ये फॅक्टरीचं .४५५ तरी चालेल का? फिओकीचं २६२ ग्रेन मिळतं, पण .४५५ ची कड पातळ. मागचा भाग घासल्यामुळे काडतूस मागेपुढे डोलतं, सुई नीट पोचत नाही. .४५ ऑटो रिमची कड मुद्दाम जाड केलेली, ते क्लिपशिवाय बसतं. पण त्याचाही फॅक्टरी भार.४५ एसीपीच्या जवळचा असेल तर प्रश्न तोच. तुमच्या हत्याराला घरी भरलेला .४५५ च्या पातळीचा हलका भार किंवा न घासलेलं बदली सिलिंडर, हे दोनच खरे मार्ग. दुकानातल्या कपाटात तुमच्यासाठी काही नाही.

ओहायोचा_ओक
स्पष्ट उत्तराबद्दल आभार. कपाट बंद.

खटका
मूळ प्रश्नाकडे या. पिट्सबर्गकर काडतूस विकत घेतील, पण हत्यार तपासल्याशिवाय घालू नका.

रिकामं आहे याची खात्री करून: घोडा पूर्ण मागे घ्या, सिलिंडर हलकेच हलवा. खट् करून घट्ट बसायला हवं, सहाही घरांवर. बोटाने सिलिंडरला किंचित अडवत घोडा हळू ओढा. तरीही घर नळीच्या रेषेत येऊन अडकलं तर टायमिंग ठीक. सिलिंडर आणि नळीतली फट फीलर गेजने मोजा: ०.००४ ते ०.००८ इंच छान, ०.०१२ च्या वर गेली तर गनस्मिथ. मग नळी आणि मूठ धरून बिजागरीत खुळखुळ आहे का बघा. कडी दोन्ही बाजूंनी सारखी बसते का तेही.

निशाण७
नळीचं माप घ्यायचं असेल तर एक मेख आहे. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून मोजायची ही नेहमीची रीत. पण वेब्लीला सात चरे आहेत, विषम. साध्या मायक्रोमीटरच्या एका जबड्याखाली उंचवटा, दुसऱ्याखाली खळगा येतो, माप खोटं लहान दिसतं. व्ही-आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर नळी सोडा, सिलिंडरच्या घशांचं माप घ्या; ते गोल असतात.

पिट्सबर्गकर
सगळ्यांचे आभार. तपासणीचा निकाल देतो: .३८ स्पेशलची रिकामी पुंगळी सहाही घरांत अडते, म्हणजे घरं मूळची. घसे ०.३६१ ते ०.३६२. फट ०.००७. बिजागरीत खुळखुळ नाही. तर १४५-१४६ ग्रेनमध्ये कंपनी कोणती? आणि पहिल्या दिवशी काय बघायचं?

व्हिक्टरीवाला
रेमिंग्टन १४६, विंचेस्टर १४५, मॅगटेक १४६, प्रवी पार्टिझान १४५. चारही शिशाच्या, गोल नाकाच्या, वेग ६८५ फूट/सेकंदाच्या आसपास. अमेरिकी कंपन्यांनी हे भार जुन्या कमकुवत मोडत्या रिव्हॉल्व्हरांचा विचार करून मुद्दाम मवाळ ठेवले आहेत, त्यामुळे तुमच्या वेब्लीला भरपूर पुरून उरतात. माझी पसंती: दोन कंपन्यांची एकेक पेटी घ्या, १५ यार्डांवर टेकू लावून मारा, जी गुच्छ लहान देईल तिच्या एकाच लॉटच्या आणखी पेट्या घ्या. हे काडतूस वर्षभर बनत नाही, अधूनमधून खेप येते आणि संपते.

छोट्या कारखान्यांचे 'संरक्षणासाठी' म्हणून हजार फूट वेगाचे भार दिसले तर ते ठेवून द्या.

आबा_खडकी
पहिल्या दिवशी एकच काडतूस भरा. उडवा, उघडा, पुंगळी बघा. टोपीवरचा खळगा मध्यावर आहे का? एका बाजूला गेला असेल तर टायमिंग परत तपासा. टोपी बुडाबाहेर आली असेल तर मागे जागा जास्त आहे. पितळावर चीर किंवा एकाच बाजूला फुगवटा असेल तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर दोन भरा, मग सहा. सहाही घरांच्या पुंगळ्या वेगळ्या ओळखता येतील अशा ठेवा.

आवाज ऐकत राहा. कुठलाही बार 'फुस्स' वाटला तर पुढचा चाप नको. रिकामं करून नळीतून उजेड दिसतो का बघा. हत्यार हळूहळू, नळी खाली धरून उघडू नका. एखादी पुंगळी निष्कासकाच्या ताऱ्याखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) सरकते आणि मग ते धड उघडत नाही, धड मिटत नाही. नळी वर, आणि एका झटक्यात. घरी गेल्यावर ब्रॉन्झच्या ब्रशने घशांतलं शिसं काढा, नाहीतर काही पेट्यांनंतर काडतूस पूर्ण बसेनासं होईल.

गोगलगाय
आणि दुकानदाराला काय सांगायचं?

खटका
१४६ ची पेटी द्या म्हणायचं.

पिट्सबर्गकर
मॅगटेक आणि प्रवी, एकेक पेटी मागवली. १५ यार्डांवर गुच्छ खाली आला तर मागच्या खाचेत दाणा थोडा उंच धरायचा ना?

व्हिक्टरीवाला
हो. पण आधी सहा बार खाचेच्या पातळीतच मारा, फरक किती ते कागदावर मोजा, मग ठरवा. काही हत्यारं १५ वर खाली मारतच नाहीत.